दोराचं दुसरं टोक

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग एक धपाटा.

फोनवर तू सगळं ठीक आहे म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून कागद काढला. कागदावर थापा मारताना तुझं अक्षर आडवं होतं, हे मला तू शाळेत होतास तेव्हापासून ठाऊक आहे.

गोदामाच्या आगीत दोन हमाल गेले, ते वर्तमानपत्रात वाचलं. पण मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि गोंधळात मालकाच्या व्यवस्थापकाने ते काढून खिशात घातलं, हे तू पाहिलंस, ही बातमी मला तुझ्या घरमालकिणीने द्यावी? तुझी स्कूटर दारातच जाळली आणि साक्ष दिलीस तर पुढची पाळी तुझी, अशी चिठ्ठी टाकली, हेही तिनेच सांगितलं. तू मला स्कूटर दुरुस्तीला टाकली आहे म्हणालास. कोळशाची दुरुस्ती कुठे होते, तो पत्ता कळव.

साक्ष देऊ नकोस असं मी म्हणणार नाही. आमच्या शाळेतल्या सिस्टरनी गुडघे दुखेपर्यंत आम्हाला खरं बोलायला शिकवलं आणि मी तुला. पण संरक्षण मागितल्यावर अग्निशमन दलातले तुझे साहेब म्हणे हसले, की आगीला न भिणारा गडी चिठ्ठीला कसा भितो. त्यांना माझ्याकडे पाठव. मेट्रन निवृत्त झाली आहे, तिची जीभ अजून नोकरीत आहे. माझा जन्म जळितांच्या वॉर्डात गेला. मला हसू येत नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे अजून जिना उतरता येत नाही, नाहीतर आज तुझ्या दारात असते. तू आगीत शिरलास की तुझा दोर धरतो आणि तुझ्याच घरात राहतो, त्या दोरवाल्याला नमस्कार. गेल्या वर्षी तुझा हात भाजला तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने मला खुर्ची दिली आणि आपण नुसते सहकारी आहोत, असं मी न विचारताच सांगून टाकलं.

माया आहे. ती गृहीत धरू नये.
तुझी आत्या


११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. धपाटा पोचला.

स्कूटरबद्दल कान पकडतो. साक्ष पुढच्या महिन्यात आहे आणि मी देणार आहे. त्या हमालांपैकी एकाला मीच बाहेर आणलं होतं. फार हलका लागला मला.

रस्त्याने जाताना मागे वळून पाहायची सवय लागली आहे, एवढं खरं. आत धुरात मात्र मला भीती वाटत नाही. तिथे स्वतःचा हातही दिसत नाही, पण कमरेच्या दोराला हलका ताण असतो आणि दुसऱ्या टोकाला तो उभा असतो. मी एक हिसका दिला की मी ठीक आहे, दोन दिले की आणखी दोर सोड, तीन दिले की मला बाहेर काढ. तिसऱ्याची वेळ अजून आली नाही. मी डावीकडे वळणार हे त्याला माझ्या आधी कळतं. तेवढं मला पुरतं.

एक गोष्ट सांगून ठेवतो. एका घरातली दोन माणसं एका पाळीत ठेवायची नाहीत, असा आमच्याकडे नियम आहे. छत कोसळलं तर सबंध घर रिकामं होऊ नये म्हणून. आम्ही भाडं वाटून घेणारे दोघं आहोत, एवढंच केंद्रात सगळ्यांना माहीत आहे. तू काही विचारू नकोस, म्हणजे मला आडवं अक्षर काढावं लागणार नाही.

गुडघ्याला जप. तुझी माया मी जपून वापरतो.
तुझा बारक्या


१६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद. धपाटा या खेपेला राखून ठेवला आहे.

मी विचारलंय कुठे? खाटेशेजारी बायको कशी बसते, भाऊ कसा बसतो आणि सहकारी घड्याळाकडे कसा बघतो, हे मी आयुष्यभर पाहिलं. त्या व्हरांड्यात तो घड्याळाकडे एकदाही बघत नव्हता. राग मला त्याचा नाही, तुझा आहे. एवढी वर्षं मी तुझ्यासाठी मुली सुचवत राहिले आणि तू मला सुचवू दिल्यास. माझं हसं झालं ते वेगळं, पोस्टाची तिकिटं गेली ती वेगळी.

तुमचा नियम मात्र शहाण्या माणसाने केलेला आहे. म्हणूनच मला त्याचा जास्त संताप येतो.

तुझी पाळी असते तेव्हा मी फोनपासून हलत नाही. रेडिओ लावते. तो बोलतो खूप, पण माझं काही ऐकत नाही. बाहेरच्या खोलीतल्या ट्रंका शेजारणीकडून हलवून घेतल्या आहेत. तिथे दोघं झोपू शकतात. आणखी काही लिहीत नाही.

दोर ढिला पडू देऊ नको म्हणावं. उत्तराची वाट पाहते, हे तुला सांगावं लागू नये.
आत्या


२ मार्च

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

बारक्या धोक्याबाहेर आहे. धूर छातीत गेला आणि दोन्ही तळहात भाजले, म्हणून तो लिहू शकत नाही. हे काल मी फोनवर सांगितलं. तुम्ही कोण बोलतंय विचारलंत आणि मी पुन्हा सहकारी म्हणालो. त्या उत्तराची लाज वाटली, म्हणून हे पत्र.

त्याच मालकाच्या दुसऱ्या गोदामाला आग लागली. रखवालदार आत अडकलाय, असा निनावी फोन होता. बारक्या आत शिरला, दोर माझ्या हातात. आत कोणीच नव्हतं. थोड्या वेळाने दोर मेल्यासारखा झाला. हिसका येईना, ओढला तर सरकेना. छत वाकत होतं. साहेबांनी सगळ्यांना मागे बोलावलं, तो दोर सोडून दुसरीकडून निघाला असेल म्हणाले. तो माझा दोर कधी सोडत नाही. मी हुकूम मोडून दोराच्या मागे आत गेलो. एका दाराला बाहेरून कडी घातली होती आणि दोर त्या दाराखाली चेंगरला होता. कडी काढली तर दाराशीच तो पडलेला. तीन हिसके त्याने किती वेळा दिले, ते तोच जाणे. माझ्यापर्यंत एकही आला नाही.

व्यवस्थापक मागच्या भिंतीवरून उतरताना सापडला. गर्दीत कळू नये म्हणून डोक्यावर आमच्यासारखंच हेल्मेट घातलं होतं. आता दाराची साक्ष मीही देणार आहे.

हुकूम का मोडला, असं साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. घरचा माणूस आत होता, असं मी म्हणालो. काय बोलून गेलो, ते नंतर लक्षात आलं. सगळे पाण्याचे पाइप गुंडाळत राहिले. साहेबांनी हेल्मेटचा पट्टा दोनदा सोडला, दोनदा बांधला आणि पाळ्या बदलाव्या लागतील म्हणाले.

तो बरा होऊन कामावर गेला, की तो घरी येताना मी निघणार. त्याचा दोर आता दुसऱ्याकडे. माणूस चांगला आहे, पण बारक्या कधी डावीकडे वळतो, ते त्याला ठाऊक नाही. घरी बसलो तरी माझी मूठ आपोआप मिटते. वाट कशी पाहायची, ते मला येत नाही.

आपला लोभ मागण्याचा हक्क नाही. मिळाला तर सांभाळीन.
आपला,
खुर्ची देणारा


६ मार्च

चि. दोरवाल्यास,
अनेक आशीर्वाद. वरचं चि. मी चुकून लिहिलेलं नाही.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. हुकूम मोडलास ते उत्तम. माझ्या वॉर्डात मोडला असतास तर तुला हाकलला असता आणि संध्याकाळी घरी जेवायला बोलावलं असतं. तुमच्या साहेबांना मी स्वतंत्र लिहिते आहे. त्यांना ते आवडणार नाही.

आता तुझ्या वाट पाहण्याच्या वाक्याबद्दल. वाट पाहणं कोणालाच येत नाही. मी इतकी वर्षं करते आहे आणि अजून कच्चीच आहे. फोन वाजला की भीती वाटते, वाजला नाही की जास्त वाटते. एकटीने करायचं काम नाही ते. त्याची पाळी असेल तेव्हा तू मला फोन कर. काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तू तिकडे भांडी घास, मी इकडे रेडिओ बंद करते.

त्याचे तळहात आठवड्याने उघडे करतील. फोड फोडू देऊ नकोस, तो फोडेल. मग दोघं इकडे या. खोली तयार आहे.

मी आजवर कोणाला कधी या म्हणून विनवलेलं नाही. आताही विनवत नाही. पण या प्रकरणात मी पाठवलेलं हे तिसरं पत्र आहे. तुम्हा लोकांत तिसऱ्या हिसक्याचा अर्थ काय होतो, ते तुला सांगायला नको.

लोभ मागायचा नसतो, घरच्या माणसाने तर नाहीच.
तुझी आत्या