घोड्याचे मागचे पाय

प्रिय भाऊजी,

तुमचा पत्ता फोटोवाल्याकडून मिळाला. त्याच्यावर रागावू नका, मी त्याच्या दुकानात ठाण मांडून बसले होते. तुम्ही गावातल्या कुणाचा फोन घेत नाही म्हणे. माझं पत्र मात्र फाडणार नाही, असं धरून चालते.

इकडचं सांगते. हे गेल्यापासून लोकोत्सवात घोडा निघाला नाही आणि बाहेरची माणसं यायची थांबली. ढोल आहेत, नाच आहे, पण ते कुठल्याही गावात असतं. दोन माणसं आत शिरून भर बाजारातून नाचवतात असा घोडा आपल्याकडेच होता. चौकातलं लॉज बंद पडलं. चपलांच्या दुकानदाराने अर्धं दुकान भाड्याने दिलंय. आमच्या शिवणाच्या दुकानात लेक दिवसभर चेन बदलून देत बसते. उत्सवाच्या त्या आठवड्याच्या जिवावर आमचं वर्ष निघायचं, खोटं कशाला बोलू.

म्हणून शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. न्हावी माझ्याकडे न बघता म्हणाला, "माणूस गेला त्याचं दुःख आहेच, पण मागे राहिलेल्यांनी खायचं काय?" मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्या रिकाम्या खुर्च्या मी रोज बघते. घोडा पुन्हा काढायचा, यावर सगळ्यांचे हात वर गेले. माझाही.

तो माळ्यावरून काढून मीच दुरुस्त करतेय. कापडाला अजून तुम्हा दोघांच्या घामाचा वास आहे. हे म्हणायचे, पुढे मी, म्हणून डोकं माझं, मागच्याने नुसतं शेपूट सांभाळावं. तुम्ही म्हणायचात, वहिनी, याची पाठ बघण्यातच माझा जन्म चाललाय. सरावाच्या दिवसांत जेवतानासुद्धा तुम्ही दोघं एकाच वेळी घास उचलायचात. मी हसून बेजार.

पोटाखालची शिवण हे गेले त्या दिवशी स्टेजपाशी मी कात्रीने उसवली होती, ती अजून तशीच आहे. लोक टाळ्या वाजवत होते. तुम्ही बाहेर आलात ते यांना कमरेला धरूनच. दवाखान्याच्या जिन्यात तुम्ही मला सांगितलंत, औषधाच्या दुकानापाशीच यांचे पाय लटपटले, सगळं वजन तुमच्या अंगावर आलं. उत्सवाचे अध्यक्ष बाहेरून सोबत चालत होते, थांबू नका, पाहुणे बघताहेत, म्हणत होते. तुम्हाला वाटलं दमलाय, स्टेजपर्यंत नेऊ. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुम्ही यांना उचलून नाचवलंत. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होतात. त्याच आठवड्यात गाव सोडलंत.

मी तुम्हाला माफ केलं, असं लिहायला बसले होते. जमलं नाही. पुस्तकांतली माणसं फार लवकर माफ करतात. मला काही दिवस जमतं, काही दिवस नाही.

पत्र घालायला अध्यक्षांनीच सांगितलं, वहिनींचं ऐकतील म्हणून. त्यांच्या सांगण्यावरून मी एक ओळ लिहिली नसती. पण घोड्याच्या पुढच्या पायांत लेक शिरतेय. बापाची उंची, बापाचा हट्ट. मी भांडले, रडले, जेवले नाही. ती म्हणाली, दुकान बंद पडल्यावर काय करायचं तेवढं सांग, मग नाही जात. मी पुन्हा सुई ओवली. दमली तरी बोलत नाही ती, यांच्यासारखीच. मागे राहायला लॉजवाल्याचा भाचा तयार आहे, चांगला धडधाकट. बाहेरून कुणी चालत राहा म्हटलं की तो चालत राहील. या गावात कुणीही चालत राहील. तुम्ही नाही राहणार. म्हणून या. तिचा पाय जरा जरी लटपटला, तर भर बाजारात, सगळ्या पाहुण्यांसमोर, घोडा खाली बसवा.

अजूनही तुमची,
वहिनी