टॅबिथाची माफी आणि माझं घर

मी, डेल्फिया स्टिडम, कै. अर्व्हिल स्टिडम यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार लॉरेल फोर्कचं खोरं, केंटकी, कोणाचीही जबरदस्ती नसताना आणि पूर्ण शुद्धीत असताना हे मृत्युपत्र सांगत आहे आणि वकील बर्चेलसाहेब ते टाइप करत आहेत. शुद्धीत आहे, पण गोंधळलेली आहे. वकीलसाहेब म्हणाले, कायद्याला दोन्ही एकत्र चालतं. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून ही घाई.

कलम १. माझा मुलगा आपली पोर माझ्या पदरात टाकून ओहायोला गेला. त्याला काहीही देऊ नये. ती पोर म्हणजे माझी नात टॅबिथा, मला मामॉ म्हणते. तिने कर्ज काढून नर्सिंग केलं आणि खोऱ्यातल्या धर्मादाय दवाखान्यात नोकरीला लागली. माझा बेत सरळ होता, घर विकून तिचं कर्ज फेडायचं. आम्ही स्टिडम कोणाचं देणं ठेवून मातीत जात नाही. तर ती माझ्यावरच उखडली.

"मामॉ, माझ्या कर्जाला हात लावू नकोस! दहा वर्षं असल्या दवाखान्यात काम केलं, हप्ते भरले, की उरलेलं सरकार माफ करतं. सहा झाली. आता तू सगळं फेडलंस, तर माफ करायला राहील काय?"

"आणि मध्येच मोठ्या पगारावर दुसरीकडे गेलीस तर?"

"तर सगळं माझ्या बोडक्यावर!"

म्हणजे फेडलं तर नुकसान, ठेवलं तर फायदा, आणि जागची हलली की बुडाली. नर्सिंगसाठी शिष्यवृत्त्या होत्या म्हणे, आधी फी भरून मागून नोकरी करून घेणारी हॉस्पिटलंही होती. तेव्हा आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. तिने मला तीनदा समजावलं, मी तीनदा मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नाही.

कलम २. हे कलम माझा धाकटा दीर हर्शेल याच्याबद्दल आहे. आमच्या चर्चमध्ये एकमेकांचे पाय धुण्याचा रविवार असतो. त्याआधी ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्यापुढे उभं राहून हात हातात द्यावा लागतो, नाहीतर विधीला बसायचं नाही. आम्हाला माफी ठाऊक आहे ती ही. हर्शेलने आमचं बोलणं अर्धवट ऐकलं आणि भर चर्चमध्ये उठून डोळे पुसत म्हणाला, "आपल्या टॅबिथाच्या हातून काहीतरी घडलंय. सरकारसुद्धा दहा वर्षांनी माफ करणार आहे. प्रार्थना करा."

लोकांनी अंदाज बांधला, पोरीने दवाखान्यातल्या वेदनेवरच्या गोळ्या चोरल्या असणार. त्या गोळ्यांच्या व्यसनाने या खोऱ्यात घरंच्या घरं बसवली आहेत. बायका इंजेक्शनला दुसऱ्या गावी जाऊ लागल्या. टॅबिथा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी हर्शेलला झापलं, तर म्हणतो, "मला काय ठाऊक! माफी म्हटलं की गुन्हा आलाच ना?" त्याचं म्हणणं अगदी खोटंही नव्हतं, म्हणून जास्तच राग आला. तेव्हापासून मी त्या रविवारी विधीला बसलेली नाही.

कलम ३. घर टॅबिथाला, कोणतीही अट न घालता. कर्जाला घाबरून ते विकू नये. पण इथे जीव रमेनासा झाला, शहराने बोलावलं, तर बेलाशक विकावं, कर्ज फेडावं आणि जावं. राहायचं तर मनाने राहावं. माफीच्या दावणीला बांधलेली नर्स आजाऱ्यांनाही नको असते.

कलम ४. बिडाचा तवा आणि वाळवलेल्या शेंगांच्या माळाही तिलाच. अर्व्हिलचा खाणीतला दिवा भिंतीवरून काढू नये.

कलम ५. डोंगरातला जिनसेंग या औषधी झाडाचा वाफा, ज्याच्या मुळांना सोन्याचा भाव येतो आणि जो हर्शेल जन्मभर शोधतो आहे, तो हर्शेलला. मरताना अर्व्हिल म्हणाला होता, "धाकट्याला दे." राग माझा आहे, भाऊ त्याचा होता.

पुढचं आत्ता घडलं, तेही लिहा वकीलसाहेब. कायद्याला दोन साक्षीदार लागतात; एक वकीलसाहेब, दुसरी शेजारीण नोव्हेला, पण ती ओढ्याला पूर आल्याने पलीकडे अडकली आहे. घरात चौथं माणूस नाही. वकीलसाहेबांना ट्रकमधून घेऊन आलेला हर्शेल दारात उभा आहे, कलम ५ त्याने ऐकलं आहे.

"ज्याला यातून काही मिळणार, त्याने साक्षीची सही केली तर त्याचा वाटा जातो," वकीलसाहेब म्हणाले.

"आणि सहीच झाली नाही तर?" हर्शेलने विचारलं.

"उद्या बरंवाईट झालं, तर घर टॅबिथाच्या बापाकडे."

हर्शेल डोंगराकडे बघत राहिला. "डेल्फी, वाफा आहे कुठे, एवढं तरी सांग."

"नाही."

"बरं. पेन दे इकडे."

पेन घेण्याआधी त्याने हात पुढे केला. मी दिला. लगेच सोडला नाही, हेही लिहा. सरकारची माफी मला अजून कळलेली नाही. कलम ५ रद्द, वाफाही टॅबिथाला.

सही: डेल्फिया स्टिडम

साक्षीदार:
१. एमरी बर्चेल, वकील
२. हर्शेल स्टिडम, दीर, यातून काहीही न घेणारा

ठिकाण: लॉरेल फोर्क, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ९ मार्च २०२३