पुलाच्या जाळीवर अडकलेलं निर्माल्य

ती. दादांस,

सरोजिनी नगरच्या क्वार्टरातून श्यामकांतचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा आंबेहळदीचा लेप चालू आहे ना? आम्ही इकडे मजेत खोकतो आहोत. (दसरा उलटला की अख्खी दिल्लीच खोकते, त्यामुळे कुणी कुणाची चौकशी करत नाही.)

तर झालं असं, की आमच्या खात्यात फिनलंडहून हाइकिनेन नावाचे गृहस्थ आलेत. कुठल्या देशाची माणसं निसर्गाला काय मानतात, याचा तौलनिक अहवाल करताहेत. भारताची बाजू मांडायला मी! चांगली मांडली तर हेलसिंकीच्या परिषदेला मलाच पाठवणार. म्हणून चाळीस मिनिटं ठणकावून सांगितलं, की आमच्याकडे नदी म्हणजे आई. त्यांनी लिहून घेतलं. मग त्यांना घरी जेवायला घेऊन निघालो आणि घात झाला. डिकीत नवरात्राचं निर्माल्य होतं. (वाहत्या पाण्यातच सोडायचं, अशी अलकनंदाची तंबी. बायकोची ऑर्डर मंत्रालयाच्या वरची, हे तुम्ही जाणताच.) वाट वाकडी करून यमुनेच्या पुलावर थांबलो, पिशवी भिरकावली, आणि मेली जाळीवर अडकली! (लोकांनी काही टाकू नये म्हणून उंच जाळी लावलीय. ती फाइल माझ्याच टेबलावरून गेली होती.)

हाइकिनेन साडेसहा फुटी. शांतपणे उतरले, हात वर करून पिशवी काढली आणि माझी मौल्यवान वस्तू वाचवल्यासारखी घरापर्यंत मांडीवर धरून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटेत एवढंच म्हणाले, की आमच्याकडे नदी कुणाची आई नाही, त्यामुळे तिच्यात कुणी काही टाकत नाही.

काल अहवाल आला. आपल्यावर दोनच वाक्यं. भारतीय माणूस नदीला आई मानतो. आपला पसारा आई आवरेल, हेही धरून चालतो. दादा, खरंच लाज वाटली हो. जॉइंट सेक्रेटरीसाहेबांनी मात्र पहिलंच वाक्य वाचलं, 'बिल्कुल सही' म्हणाले आणि माझं तिकीट पक्कं केलं. पण मी आता बदललोय. यापुढे नदीत काडीसुद्धा टाकणार नाही.

तुमचा,
श्यामकांत

ता. क. : पिशवी अजून बाल्कनीत आहे. ती वाहत्या पाण्यात गेल्याशिवाय अलकनंदा मला विमानात पाऊल ठेवू देणार नाही. (बागेत पुरूया म्हटलं, तर दोन दिवस अबोला.) विमान शुक्रवारी आहे.

ता. क. २ : हे पत्र घेऊन आमचे शेजारी विष्णुपंत नाशिकला येताहेत. त्यांच्या हातातली पिशवी तीच. गोदावरी तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर. मी टाकणार नाही म्हटलंय, तुम्ही कुठे म्हटलंय? तिकडच्या पुलाला जाळी नाही ना?