मेहुण्याच्या टर्बोला माझा डबा

२ फेब्रुवारी, रविवार
गॅरेज बंद. मिस्त्रीला सुट्टी, म्हणजे "साहेब, जपून" म्हणणारं कोणी नाही. मेहुण्याच्या टर्बो गाडीला घरच्या अंगणातच माझ्या डिझाइनचा डबा बसवला. तत्त्व सोपं आहे. इंजिनच्या पोटातून तेलकट वाफ निघते, ती पाइपातून परत हवेच्या वाटेने आत शिरते आणि सगळं चिकट करून ठेवते. टर्बो असला की जास्तच. मधे डबा ठेवला की तेल तळाशी, कोरडी हवा पुढे. बाजारच्या डब्यात नुसती जाळी. मी स्वयंपाकघरातल्या तारेच्या घासण्या भरल्या. एक पुरली असती. तीन कोंबल्या. करायचं तर दणदणीत.
मेहुण्याला म्हटलं, सर्व्हिस केली. खोटं नाही, डबा ही एक प्रकारची सर्व्हिसच.
संकल्प: निकाल आला की त्याला सगळं सांगायचं. मग त्याच्या ऑफिसच्या अकरा गाड्यांना डबे.

५ फेब्रुवारी, बुधवार
जाता जाता मेहुण्याच्या पार्किंगमध्ये डोकावलो. डबा उघडला. कोरडा ठणठणीत! एक थेंब नाही. म्हणजे इंजिनने तेल टाकणंच सोडलं. शोध अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.
गाडीखाली काळा डाग. जुना असावा.
मेहुण्याने गाडी सुरू केली तेव्हा बारीक शिट्टी ऐकू आली. बॉनेट बंद असताना कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगणारे कान आहेत माझे. मेहुणा म्हणाला, "भावोजी, ही शिट्टी कसली?" म्हटलं, इंजिन खुशीत आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी १०
गाडी टोचन लावून आली. तेल मोजायची डिपस्टिक उडालेली, इंजिनमधलं तेल अडवणारं मागचं ऑइल सील फुटलेलं, खालची बाजू तेलाने न्हालेली. मिस्त्रीने डबा उघडला.
"साहेब, ह्यात काय भरलंय?"
"फिल्टर."
"फिल्टर कसला, बूच आहे. वाफेला वाट नाही, मग तिने सील फोडून वाट काढली." घासण्या उपसत म्हणाला, "डबा वाईट नाही. घासणी एकच ठेवा, सैल. पाइप रुंद घ्या. आणि मेहुण्यांना सांगून टाका."
अठरा वर्षांत ह्या माणसाने माझ्यावर आवाज चढवलेला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

तोच दिवस, दुपारी ४.३०
मेहुण्याचा फोन. हात तेलात होते, स्पीकर लावला. "भावोजी, हे सील गेल्या महिन्यात तुमच्या मिस्त्रीनेच बदललं ना? झोपेत बसवलं की काय?"
मी "हं" म्हणालो. 'हं' म्हणजे हो नव्हे. 'हं' म्हणजे ऐकतोय, एवढंच. शेजारच्या गाडीखाली मिस्त्रीचा पाना थांबला. मी हात पुसायला फडकं शोधू लागलो. पाना पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा हळू.
उद्या नक्की सांगतो.

१० फेब्रुवारी, सोमवार
काल रविवार. आज सांगणारच होतो, पण मेहुणा मीटिंगमध्ये. मी फार खोळंबलो नाही. मिस्त्रीने नवं सील बसवलं. त्याला महागातले हातमोजे आणून दिले. "कशाबद्दल?" म्हणाला. म्हटलं, असेच. त्याने पाकीट न फोडता कपाटात ठेवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मेहुण्याचा निरोप: अकरा गाड्या पाठवतो, पण त्या मिस्त्रीचं काहीतरी करा.
जेवताना ही म्हणाली, "अहो, तो एक स्क्रू पिळला तरी दोनदा तपासतो. त्याच्या हातून असं कसं होईल?"
म्हटलं, "माणूस आहे, चुकतो." कोणता माणूस ते मी म्हटलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सांगितलं! मेहुण्याच्या ऑफिसात जाऊन, तोंडावर. वाटेत तीनदा तालीम केली होती. वाक्य असं: "हे बघ, गॅरेज माझं. तेव्हा झाली ती चूक माझीच समज."
मेहुणा खुर्चीतून उठला. "भावोजी, कामगाराची चूक अंगावर घेणारा मालक आजकाल कुठे मिळतो!" मी 'डबा' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने त्याच्या मोठ्या साहेबाला बोलावलं. साहेबाने माझा हात दोन्ही हातांत घेतला. अशा वेळी घासण्यांचा विषय काढणं बरं दिसलं नसतं.
अकराही गाड्या सोमवारी येणार. माझ्याकडून कबुली झालेली आहे. लोकांनी ती नीट ऐकली नाही, त्याला मी काय करणार?

१५ फेब्रुवारी, शनिवार
मेहुण्याने मिस्त्रीला परस्पर फोन केला: मालकाचे उपकार मान, म्हणून.
मिस्त्री हात पुसत समोर येऊन उभा राहिला. "साहेब, तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत म्हणे. ती कोणती, तेवढं सांगा."
मी म्हटलं, "अरे, अकरा गाड्या येतायत, त्यातली मोठी जबाबदारी तुझीच—"
"ते नाही विचारलं मी."
त्याने पाने धुतले, जागच्या जागी लावले, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघाला. दारात वळून बघेल तेव्हा सांगायचं, असं मी ठरवलं होतं. तो वळला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ८
गॅरेजबाहेर अकरा गाड्यांची रांग. सगळ्यांत पुढे मेहुणा, शेजारी त्याचा मोठा साहेब. हे गॅरेज मी शून्यातून उभं केलंय, पण शटर मी स्वतः कित्येक वर्षांत उघडलेलं नाही, ते मिस्त्रीच उघडायचा. तीन कुलपं, जुडग्यात चौदा किल्ल्या. दोन कुलपं निघाली. मधलं हलेना. मागून हॉर्न. अर्ध्या तासाने मिस्त्रीला फोन लावला. आता सगळं सांगूनच टाकायचं, असं ठरवून लावला होता.
मी "ऐक" म्हणालो, तोच तो म्हणाला, "मधलं उलटं फिरतं साहेब," आणि ठेवून दिला.
उलटं फिरवलं. उघडलं.