ज्याचा उंबरा, त्याची भाषा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय पूर्वी हॉटेलच्या तळघरात कपड्यांना इस्त्री करण्याचा आणि सध्या घरी बसण्याचा, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. मला कोणी धाक दाखवलेला नाही, गोड बोलून भुलवलेले नाही. जिवाला एक लाज मात्र लागून राहिली आहे. लाजेने माणसाची शुद्ध जात नाही, उलट नको तितकी शाबूत राहते. तेव्हा हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने करत आहे.

कलम १. माझ्या मालकीच्या दोन खोल्या आणि बँकेत जी काही शिल्लक निघेल ती माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे भाचीला द्यावी. तिने माझे सगळे केले, माझ्या तोंडाचा पट्टा सहन केला. ती सध्या मोबाइलवर एक परकी भाषा शिकते. रोज धडा झाला की मोबाइल तिला हिरवी खूण देतो आणि ती खूश होते. तिला माझे सांगणे एवढेच की, पोरी, मोबाइल रागावत नाही आणि चहाही पाजत नाही, तेव्हा ती भाषा बोलणारे एखादे माणूस शोध. ही अट नाही. माझ्यासारखीने या बाबतीत अटी घालाव्यात असे माझे तोंड राहिलेले नाही. का, ते कलम ३ मध्ये येईल.

कलम २. बाहेरच्या खोलीतील हाताची खुर्ची माझ्या धाकट्या भावाला द्यावी. याच खुर्चीत बसून, चार पाहुण्यांसमोर, माझाच चहा पीत तो म्हणाला होता, "आमची ताई चार भाषांत अडाणी आहे." सगळे हसले. मीही हसले आणि आत जाऊन भांडी आपटली. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. हॉटेलातल्या माझ्या सुतार मित्राने तो दोनदा दुरुस्त करू का म्हणून विचारले होते. मी करू दिला नाही. भावाने जपून बसावे. आता एक मात्र लिहिले पाहिजे, की तो बोलला ते खरे निघाले.

कलम ३. इस्त्रीचे टेबल आणि जुनी जड इस्त्री सुताराला द्यावी. हे कलम लांबेल. वकीलबाई म्हणाल्या, एवढे लिहायची गरज नाही. गरज त्यांना नसेल, मला आहे.

मी तळघरात कामाला लागले तेव्हा तिथे चार जणांच्या चार भाषा होत्या. माझी ही, हॉटेलच्या सुताराची त्याची, भट्टीवर पाव भाजणाऱ्या बाईची तिची, आणि सामानाच्या लिफ्टवर बसणाऱ्याची आणखी वेगळी. कोणाचे कोणाला कळेना. पहिल्याच आठवड्यात पाववाली "बाजूला हो" म्हणून ओरडली, मला वाटले ती हाक मारते आहे, मी जवळ गेले आणि तापलेल्या पत्र्याने हात भाजून घेतला. सुताराने हात थंड पाण्यात धरला, लिफ्टवाल्याने मलम आणले, पाववाली रडली. त्या दिवशी खुणांनीच नियम ठरला आणि तो मी ठरवला, हेही लिहिते: ज्याचा उंबरा, त्याची भाषा. भट्टीशी उभे राहिले की पाववालीची, सुताराच्या खोलीत सुताराची, लिफ्टमध्ये लिफ्टवाल्याची, इस्त्रीखान्यात माझी. जो चुकेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. पहिले वर्षभर चहा मीच केला.

अशा तिन्ही भाषा मी एकदमच शिकले, कपडे नेता-आणता. पण शाळेत शिकतात तशा नाही. पाववालीकडून मी ओरडायला शिकले, भरवायला शिकले आणि तिचा मुलगा आजारी होता त्या दिवसांत रडायला शिकले. लिफ्टवाल्याच्या भाषेत मला लहान लहान वाक्ये येतात, कारण लांब वाक्य पुरे होण्याआधी मजला यायचा. तो बिचारा आता कायमचाच वरच्या मजल्यावर गेला. आणि सुताराच्या भाषेत मी फक्त थट्टा शिकले.

ती त्याचीच करणी. पहिल्या दिवशी त्याने मला एक वाक्य शिकवले आणि खुणेने सांगितले की हा नमस्कार. मी रोज सकाळी त्याच्या दारात उभी राहून, मान लववून, ते म्हणायची. तो गंभीर चेहऱ्याने उत्तर द्यायचा. कित्येक महिन्यांनी त्याच्या बायकोने हसत हसत मला अर्थ समजावला. मी रोज त्याला विचारत होते, "अजून मेला नाहीस?" आणि तो म्हणत होता, "तुला पोचवल्याशिवाय नाही." मी त्याला लाकडाचा ठोकळा फेकून मारला. पण तोवर सवय झाली होती. पुढे सगळी वर्षे तोच आमचा रामराम. माझ्या उंबऱ्यात आला की तो विचारायचा आणि मी उत्तर द्यायची.

त्याच्या घरी गेले की त्याची बायको आतून हे ऐकायची आणि रोज नव्याने हसायची. फार कमी बोलणारी बाई. मी तिची भाषा चुकीची बोलले की ती चूक काढायची नाही, तेच वाक्य नीट करून हळूच म्हणायची. माझ्या गुरूंमध्ये ती सर्वांत चांगली होती आणि तिला मी कधी गुरू म्हटले नाही.

ती या हिवाळ्यात गेली.

मी आणि पाववाली सुताराच्या घरी गेलो. बाहेर चपलांचा ढीग. खोलीत त्याची मुले, सुना, शेजारी, सगळे भिंतीला टेकून बसलेले. सुतार दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. वाटेत मी मनात जुळवाजुळव केली होती, की फार वाईट झाले, ती फार चांगली होती, असे काही बोलावे. आणि तेव्हा लक्षात आले की त्याच्या भाषेत मला यातला एक शब्द येत नाही. इतकी वर्षे शिकले, पण दुःखाचा एक शब्द आमच्यात कधी लागला नव्हता. पाववालीच्या भाषेत मी ढसाढसा रडून दाखवले असते. माझ्या भाषेत बोलले असते तर त्याला कळले असते. काहीच न बोलता नुसती बसले असते तरी चालले असते. पण उंबरा त्याचा होता, नियम माझा होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. भरल्या घरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी त्याला त्याच्या भाषेत विचारले,

"अजून मेला नाहीस?"

त्याच्या सुनेने तोंडावर हात ठेवला. थोरला मुलगा उठून उभा राहिला. सुताराचे ओठ हलले, पण ते काय म्हणताहेत हे ऐकायला मी थांबले नाही. धरणी पोटात घेईना, म्हणून मी जिना उतरले. एक चप्पल तिथेच राहिली.

तेव्हापासून तो दर दोन-तीन दिवसांनी येऊन माझे दार वाजवतो. मला त्याची थाप ओळखू येते, सुतार बोटांनी नाही, मुठीच्या कडेने वाजवतो. मी आत श्वास धरून बसते. भाची म्हणाली, "मावशी, अगं उघड ना दार, म्हातारा माणूस जिने चढून येतो." मी म्हटले, "कोणत्या तोंडाने उघडू?" मला लाज वाटते. चार भाषा येतात म्हणून मी जन्मभर मिरवले आणि ज्या दिवशी मित्राला एक शब्द हवा होता, त्या दिवशी माझ्याजवळ थट्टेशिवाय काही निघाले नाही. म्हणून टेबल त्याला. ते त्यानेच माझ्या उंचीला बेतून करून दिले होते. त्याच्या खोलीत ते माझ्याहून नीट गप्प राहील.

कलम ४. पाववालीला काही ठेवलेले नाही. तिला पितळी किटली आवडत होती, ती तिने "मरेपर्यंत कोण थांबतंय" म्हणत मागच्याच महिन्यात उचलून नेली.

कलम ५. माझ्यामागे भाषणे करू नयेत. सुताराला निरोप धाडू नये. त्याने यावे असे वाटण्याचा हक्क मी घालवून बसले आहे.

सहीपूर्वीची पुरवणी. वरील मजकूर काल पुरा झाला. वकीलबाई म्हणाल्या, दोन साक्षीदार लागतील, ज्यांना यात काही मिळणार नाही असे. एक पाववाली ठरली. ती म्हणाली, "दुसरा मी आणते," आणि मी, कपाळकरंटी, कोण म्हणून विचारले नाही.

आज तिच्याच थापेला दार उघडले, तर तिच्या मागे सुतार. हातात माझी चप्पल. तो उंबऱ्याबाहेर थांबला. तो माझा उंबरा होता, म्हणून तो माझ्या भाषेत बोलला.

"तुला पोचवल्याशिवाय नाही," तो म्हणाला. "हेच सांगायला किती दिवस जिने चढतोय. प्रश्न विचारायचा आणि पळून जायचं, ही कुठली रीत गं?"

मग मला जे तिथे आले नव्हते ते माझ्या भाषेत, माझ्या दारात आले. मी म्हटले, "तुझी बायको गेली रे. मला फार वाईट वाटलं. तिनं मला बोलायला शिकवलं." त्याने चप्पल खाली ठेवली आणि तो माझ्या दारात उभ्या उभ्या रडला. पाववालीने चहा टाकला.

नंतर वकीलबाईंनी त्याला कायदा समजावला, की साक्षीदार झालात तर टेबल मिळणार नाही. तो म्हणाला, "टेबल मीच केलंय. आणखी एक करीन. कुठं सही करू?"

सबब कलम ३ मधील टेबल आणि इस्त्री आता भाचीकडे जाईल. त्या कलमातील बाकी मजकूर मी खोडलेला नाही. कलम ५ मधील सुताराविषयीची दोन वाक्ये खोडली आहेत. खुर्चीचा पाय दुरुस्त करू दिलेला नाही.

स्थळ: माझी बाहेरची खोली. दिनांक: ९ फेब्रुवारी.

सही: इस्त्रीबाई, मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
१. पाववाली (सही तिच्या लिपीत)
२. सुतार (सही त्याच्या लिपीत)

आम्हा दोघांच्या देखत, एकाच वेळी सही झाली. सही केली तेव्हा मृत्युपत्र करणारी जिवंत होती, ही ओळ साक्षीदार क्रमांक दोन यांनी हट्टाने लिहायला लावली.