पेटीत बेडूक नाही

छोट्या,

बाबा घरात नाहीत. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच घाबरलेय. त्यांची गळांची पेटी उघडून बघितली. उरलेलं सगळं जागच्या जागी आहे, फक्त गळाला लावायचा रबरी बेडूक नाही.

बाबांनी होडी काढू नये म्हणून खोल पाण्यातली आमिषं आपण लपवली. बेडूक तेवढा राहू दिला, काठावर बसून मन रमवतील म्हणून. आपली अक्कल कुठे शेण खायला गेली होती? बेडूक ओढायचा तो पाणगवतावरूनच, बास मासा त्या गवताखाली दबा धरून असतो. आणि तसं दाट गवत तळ्याच्या पलीकडच्या टोकालाच आहे. तिथे चिखलात उतरल्याशिवाय गळ पोचत नाही. पूर्वी पाय कुठे टाकायचा ते त्यांना डोळे मिटून कळायचं. आता ते स्वयंपाकघराची वाट चुकतात.

त्यांचे गमबूट दारातच आहेत. मी दोर घेऊन निघालेय. शेजारच्या काकांना माझ्यामागे पाठव, तू घर सोडू नकोस. बाबा आधी आले तर रागावू नकोस, मासे किती मिळाले एवढंच विचार.

मी एकटी आले, तर मला काहीच विचारू नकोस.

ताई