डाव्या बाजूचं हाड

८ सप्टेंबर १९७४, रविवार. राजूर
हे गेल्यापासून बंद असलेली दवाखान्यामागची खोली आज उघडली. मेडिकलला गेलेली आसपासची मुलं सुट्टीत इथंच यांच्यापुढं बसायची. मराठी शाळेत शिकलेली, कॉलेजातल्या इंग्रजीला घाबरलेली. हे आधी मराठीत सांगायचे, मग तेच इंग्रजीत म्हणून घ्यायचे. चहा माझ्याकडे. तेव्हा कंटाळा यायचा. आता...
हाडांची पेटी कॉटखाली तशीच आहे. सासूबाई म्हणाल्या, "मेल्या माणसाची हाडं घरात. काढ बाई आता."

१५ सप्टें.
धावडा गावची सुनंदा वडिलांबरोबर आली. ही यांची शेवटची विद्यार्थिनी. ॲनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत परत नापास. वडील म्हणाले, "बाई, डॉक्टरसाहेब होते तवर मी बोललो न्हाई. आता आक्टोबरात बसू द्या म्हणून राह्यली. ह्या डावाला न्हाई झालं तर मंग घरी. पाहुणे थांबून राह्यले."
सु. खाली बघत होती. मी म्हटलं, परीक्षेपर्यंत राहू द्या इथं. कशाच्या जोरावर म्हटलं, माहीत नाही.

१७ सप्टें.
सु.ला विचारलं, काय चुकलं. "वहिनी, मांडीचं हाड दिलं हातात. कोणत्या बाजूचं विचारलं. मी उजव्या म्हणाले. डाव्याचं होतं. मंग पुढचं काहीच सुचलं न्हाई."
पेटी पाहिली. अर्धा संच. सीनियरकडून जुना मिळतो तो असाच, हातापायाची एकाच बाजूची हाडं. आमच्यातली सगळी उजवी. हॉस्टेलवर मैत्रिणीचा संच, तोही उजवाच. डावं हाड तिच्या हातात कधी आलंच नव्हतं.

१८ सप्टें.
माझ्या शाळेत मुलांचे पाढे ऐकताना यांचा आरसा आठवला. भिंतीवरचा काढून मला धरायला लावायचे. उजवं हाड समोर धरलं की आरशात डावं दिसतं, मुलांनी त्यात बघून सांगायचं. माझे हात भरून यायचे. हे म्हणायचे, "हलू नका बाई, पेशंटचा पाय मोडेल." मी हसले की आरसा आणखी हलायचा. मग मुलंही हसायची.
सु. यायला लागली तेव्हा हे अंथरुणावरच होते. तिला ते मिळालं नाही.
संध्याकाळी आरसा काढला. मी धरून बसले. खोलीत कोणी हसलं नाही, पण तिला जमलं.

२९ सप्टें.
शाळा सुटली की रोज बसतो. मी पुस्तक धरते, ती म्हणते. मी नुसते शब्द जुळवून बघते, मला अर्थ लागत नाही. ती अडली की माझ्याकडं बघते. यांच्याकडंही सगळे असेच बघायचे, आणि हे मुद्दाम गप्प बसायचे.
सासूबाई आज दारात येऊन बसल्या. "कुणाचं गं हे?"
"माहीत न्हाई, आजी."
"बाईचं का बाप्याचं?"
सु.नं कमरेचं हाड दाखवलं. "बाईचं. हे बघा, इथं रुंद असतं."
सासूबाई म्हणाल्या, "लेकरं झाली असतील मंग हिला."
पेटी काढायचं आज बोलल्या नाहीत.

११ ऑक्टो.
सु. काल औरंगाबादला गेली. उद्या तोंडी. आरसा परत लावला. चहा उगीच दोन वेळा केला. हे असते तर स्टँडवर सोडायला...

१३ ऑक्टो., रविवार
दुपारच्या एसटीनं सु. आली. वडील तिला न्यायला सकाळीच येऊन बसले होते. दंडाचं हाड दिलं होतं म्हणे, डावं. बराबर सांगितलं. मग मानेतल्या नसा विचारल्या, ते अर्धंच आलं. अर्ध्यावर पास करतात का, तिलाही सांगता येईना. परीक्षक नुसते "जा" म्हणाले. निकाल दिवाळीच्या आधी.
वडील मला म्हणाले, "पाहुण्यांना काय सांगू?"
मी म्हटलं, तिलाच विचारा.
विचारलं नाही. त्यांनी बशीत ओतलेला चहा तसाच खाली ठेवला. मग टोपी घातली, "बस जाईल माझी" म्हणाले आणि एकटेच निघाले. तिला चल म्हणाले नाहीत. परत कधी येणार, तेही नाही.
सु. आत सासूबाईंजवळ भाकरी थापते आहे. निकाल लागेपर्यंत ती इथंच, असं मी धरून चालले आहे.